दोन टॉप, चार बेस, बजेट सव्वा लाख – मशीन (अँप्लिफायर) कुठलं घेऊ?

धायरीचा_डेसिबल

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचा मूळ धंदा मंडपाचा. वडिलांच्या काळात दोन कर्णे आणि एक अँप्लिफायर एवढाच काय तो साउंड होता. गेली चार वर्षं मी साउंड वेगळा काढलाय. कामं म्हणजे सिंहगड रोड, नऱ्हे, खडकवासला बाजूच्या लॉन्सवरची लग्नं, हळदी, सोसायट्यांचे गणपतीतले कार्यक्रम, मधूनच एखादा भजनाचा नाहीतर भावगीतांचा प्रोग्राम. माणसं तीनशे ते पाचशे. मिरवणुकीतल्या भिंतींच्या भानगडीत मी नाही आणि पडायचंही नाहीये.

सामान असं आहे: दोन टॉप (मधल्या-वरच्या आवाजाचे बॉक्स), प्रत्येकात दोन पंधरा इंची आणि एक हॉर्न, पॅसिव्ह (आत मशीन नसलेले), मागे स्टिकर "२४०० वॅट ४ ओम". चार बेसचे बॉक्स, प्रत्येकात एक अठरा इंची, ८ ओम, स्टिकरवर तेच २४००. मिक्सर आणि छोटा डीएसपी क्रॉसओव्हर (आवाज टॉप आणि बेसला वाटून देणारा). मशीन दोन, दोन्ही ट्रान्सफॉर्मरवाली, जुनी घेतलेली. टॉपवालं ४ ओमवर चॅनलला ७०० चं, बेसवालं १२०० चं. बेसवालं छोट्या हत्तीत चढवायला दोन माणसं लागतात आणि त्यातल्या एकाची कंबर गेलीये (माझी).

आता खरं दुखणं. मे महिन्यात एका लॉनवर वरात दारात आलेली, नाच एकदम रंगात, आणि बेसचं मशीन बंद. लाल लाइट. पाच-सात मिनिटांनी आपोआप चालू झालं, तेवढ्यात नवरदेवाच्या मामाने माझा जो उद्धार केला तो इथे लिहिण्यासारखा नाही. अर्ध्या तासाने परत तेच. त्या दिवशी बोर्डवर व्होल्टेज १९० दाखवत होतं म्हणून मला वाटतंय लाइटचाच प्रॉब्लेम, पण मशीन पण म्हातारंच झालंय, तर बदलूनच टाकू म्हटलं.

तपकीर गल्लीत दोन चकरा मारल्या. तीन पर्याय समोर आहेत. एक म्हणजे असंच ट्रान्सफॉर्मरवालं नवीन, क्लास एच (क्लास म्हणजे आतल्या सर्किटचा प्रकार), ४ ओमवर १२००, वजन तेवढंच. दुसरं फोर चॅनल, फक्त बारा किलो, "चार गुणिले अडीच हजार", दुकानदार म्हणतो याच्यावर तुझी सगळी सिस्टिम चालून वर दुसरी पण चालेल. तिसरं नावाजलेल्या कंपनीचं टू चॅनल क्लास डी, ४ ओमवर १८००, ओळखीतल्या एकाकडे सेकंडहँड पडलंय. दुकानदार सांगतो वॅट जितके जास्त तितकं चांगलं, स्पीकरच्या डबल घ्यायचं. डबल म्हणजे कशाच्या डबल? २४०० च्या डबल ४८०० का?

कर्ण्यांच्या_काळातला

आधी तो स्टिकर विसर. २४०० हा पीक, म्हणजे क्षणभराचा आकडा आहे, तो स्पीकर विकायला छापतात, मशीन निवडायला नाही. डेटाशीट काढ, त्यात तीन आकडे असतात. कंटिन्युअस (सलग झेपणारे वॅट), त्याच्या दुप्पट प्रोग्रॅम आणि चौपट पीक. म्हणजे तुझा अठरा इंची खरं तर ६०० कंटिन्युअसचा असणार. "डबल घ्यायचं" ते या सहाशेच्या डबल, आणि तेही जास्तीत जास्त. दीडपट ते दुप्पट यामध्ये कुठेही बसलास तरी चालतं.

आता तुझा हिशोब. दोन बेस पॅरलल करून एका चॅनलवर लावलेस की ८ आणि ८ चे ४ ओम झाले, आणि दोघांचे मिळून १२०० कंटिन्युअस. तर ४ ओमवर चॅनलला १८०० ते २४०० चं मशीन बेसला शोभेल. टॉप पण सहाशेचेच निघाले तर त्यांना ९०० ते १२०० बास झाले. ४८०० वगैरे घेतलंस तर एका सीझनमध्ये चारही बेसच्या स्पीकरचे कोन भंगारात.

आणि वॅटच्या मागे धावताना एक गोष्ट लक्षात ठेव, दुप्पट वॅट म्हणजे फक्त ३ डीबी (डेसिबल). लोकांना वाटतं १२०० च्या जागी २४०० आलं की आवाज डबल होतो. कानाला डबल वाटायला साधारण १० डीबी लागतात, म्हणजे दहापट वॅट. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघ. एक वॅटला एक मीटरवर ९७ डीबी देणारा आणि १०० देणारा बॉक्स, यात जो फरक आहे तो भरून काढायला दुप्पट मोठं मशीन लागतं. हे तपकीर गल्लीत कुणी सांगत नाही कारण मशीन विकण्यात पैसा आहे.

तुझ्या लॉनपुरतं बोलायचं तर, समज टॉप १०० डीबीचा आहे. सहाशे वॅटला त्यात जवळपास २८ डीबी वाढले, १२८ झाले. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डीबी जातात, वीस मीटरवर २६ गेले. तरी शेवटच्या रांगेत एका टॉपचे १०२ डीबी उरले. लग्नातल्या पाचशे माणसांना अजून किती पाहिजे? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, त्यात निवासी भागाला दिवसा ५५ डीबी ठरलेत आणि स्पीकर लावला तरी हद्दीवर आजूबाजूच्या मर्यादेपेक्षा १० पेक्षा जास्त नको, म्हणजे ६५. रात्री दहानंतर तर बंदच. आता लॉनच्या भिंतीपलीकडे सोसायटी असेल तर तुझ्या मशीनचा नॉब तुझ्याआधी तिथल्या सेक्रेटरीच्या हातात असतो.

पेठी_साउंड

काकांनी सगळं सांगितलंच आहे. माझं एकच म्हणणं, ट्रान्सफॉर्मरवालंच घे. हलक्या मशीनला बेस नसतो. लोखंड असल्याशिवाय धमक येत नाही, हे मी वीस वर्षं बघतोय. आणि बिघडलं तर बुधवार पेठेत कुणीही उघडून दुपारपर्यंत देतो. ते डिजिटल मशीन बंद पडलं की बोर्ड बदला म्हणतात, बोर्ड येईपर्यंत सीझन संपतो.

सोल्डर_आणि_चहा

पेठी, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन, रिपेअरचं खरं आहे. पहिल्याकडे नंतर येतो. आणि क्लास डी मधला डी म्हणजे डिजिटल नव्हे हो, ए बी सी झाले, पुढचं अक्षर डी एवढंच.

धायरीवाले, मी रिपेअरवाला आहे त्यामुळे मला आधी रोग समजू दे, मग औषध. तुम्ही लिहिलंय की व्होल्टेज १९० झालं म्हणून मशीन बंद पडलं. मला हे पटत नाहीये. ट्रान्सफॉर्मरवाल्या मशीनमध्ये आतलं डीसी मेन लाइनच्या प्रमाणात खाली येतं. १९० भागिले २३० म्हणजे ०.८३, त्याचा वर्ग ०.६८, म्हणजे तुमचं १२०० चं मशीन आठशे-सव्वाआठशेचं झालं. डीबीत मोजलं तर दीडच्या आसपास, नाचणाऱ्या मामाला कळणारही नाही. आणि वॅट कमी झाले की मशीन तापणार पण कमी. पाच-सात मिनिटांनी आपोआप चालू होणं हे थर्मल ट्रिपचं, म्हणजे तापून बंद पडल्याचं लक्षण आहे. थंड झालं, चालू झालं. तर प्रश्न असा आहे की कमी व्होल्टेजवर, कमी वॅटवर, ते तापलं कशाने?

दोन गोष्टी करा. मशीनच्या पंख्यासमोरची जाळी काढून बघा, मांडवातली धूळ आणि कापसाचा थर असतो तिथे. आणि दुसरं, बेसच्या वायरी मशीनच्या बाजूने काढा आणि प्लगवर मल्टिमीटर ओमवर लावून बघा. मीटरला ८ दिसणार नाही, घाबरू नका. मीटर डीसी रेझिस्टन्स दाखवतं, आठ ओमचा स्पीकर साधारण साडेपाच ते साडेसहा दाखवतो. दोन पॅरलल असतील तर तीनच्या आसपास यायला पाहिजे. दोन्ही बाजूंचे आकडे इथे टाका.

आता त्या बारा किलोवाल्याबद्दल. हे डिझाइन मूळ लॅब ग्रुपेनच्या एफपी १०००० क्यू चं आहे आणि ते मशीन अस्सल सोनं होतं, ४ ओमवर चॅनलला २१०० आणि २ ओमवर २५००. बाजारात मिळतात त्या सगळ्या त्याच्या कॉप्या. दुकानदार जो अडीच हजार सांगतोय तो आकडा मुळातच २ ओमवरचा, तुम्ही ४ ओमवर चालवणार. आता साधा गुणाकार करा. चार गुणिले अडीच हजार म्हणजे दहा हजार वॅट. तुमचा १६ अँपिअरचा प्लग देतो २३० गुणिले १६, म्हणजे ३६८०. मग दहा हजार येतात कुठून? येतात, पण क्षणभर, कपॅसिटरमध्ये साठवलेले. गाण्याची सरासरी पॉवर पीकच्या आठव्या हिश्श्याएवढी धरतात, म्हणजे साडेबाराशे, त्यात मशीनचे लॉसेस धरून प्लगमधून दीड हजार. हे निभतं. पण तुमच्या हळदीतली गाणी? त्यात बेस सलग बसलेला असतो, तिथे सरासरी तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जाते आणि प्लगमधून चार हजाराच्या जवळ ओढायला लागतं. तिथे एकतर प्लग वितळतो नाहीतर मशीन स्वतःला आवरतं. सगळ्याच कॉप्या टाकाऊ नाहीत, पण माझ्या टेबलवर येतात त्यातल्या काहींमध्ये कपॅसिटर कमी बसवलेले असतात, हीटसिंकवर ट्रान्झिस्टरचे नुसते पाय ठोकलेले असतात, आणि एकात तर पंखा उलटा, गरम हवा आत ओढत होता. वर पॅनल मात्र सेम टू सेम.

आणि लॉनवर हलकं मशीन नेणार असाल तर न्यूट्रल. न्यूट्रल सैल झाला की एका फेजवर १५० आणि दुसरीवर ३०० होतात, हे लॉनच्या वायरमनला विचारा, तोही हसून हो म्हणेल. ट्रान्सफॉर्मरवालं गुरगुरतं, फ्यूज उडवतं आणि बऱ्याचदा वाचतं. हलक्या मशीनमध्ये ट्रान्सफॉर्मरऐवजी एसएमपीएस सप्लाय असतो, त्यात २३० एसी रेक्टिफाय होऊन आत सव्वातीनशे डीसी झालेलं असतं. तेच ३०० एसी आलं की सव्वाचारशे. आत कपॅसिटर चारशे व्होल्टचे असतील तर फटाका. वर-खाली व्होल्टेज झालं की सप्लाय तोडणारं प्रोटेक्टर बसवूनच वापरा, मशीनच्या मानाने किरकोळ खर्च आहे.

धायरीचा_डेसिबल

आत्ता गोडाऊनमध्ये जाऊन आलो. जाळी काढली तर आत अक्षरशः उंदराचं घर होईल एवढा कापूस, ते एक झालं. डेटाशीट पण सापडली, बेस आणि टॉप दोन्ही सहाशेचे, काकांचा अंदाज बरोबर.

पण मीटरचं ऐका. डाव्या बाजूच्या बेसची जोडी ३.० दाखवते. उजवीकडची १.९. मला वाटलं मीटरच्या पिना खराब, म्हणून दुसऱ्याचं मीटर आणलं, परत १.९. मग दोन्ही बॉक्स वेगळे केले. एक ६.०, दुसरा २.९. हा दुसरा बॉक्स मी दोन वर्षांपूर्वी कॉइल जळली म्हणून एकाकडून रिपेअर करून आणला होता. म्हणजे त्याने...?

सोल्डर_आणि_चहा

हो. त्याने त्यात ४ ओमची कॉइल बसवून दिली. सापडला चोर.

आता सगळं जुळतं बघा. उजव्या चॅनलवर ८ आणि ४ पॅरलल म्हणजे २.७ ओम. मशीन ४ ओमपर्यंतचं. वर पंख्यात कापूस. व्होल्टेज २३० असतं तर कदाचित अजून लवकर बंद पडलं असतं, १९० ने उलट तुम्हाला थोडा वेळ काढून दिला.

आणि अजून वाईट गोष्ट अशी की दोन्ही बॉक्सला व्होल्टेज सारखंच मिळतं पण ४ ओमवाला दुप्पट पॉवर खातो. समजा लाइनवर ६० व्होल्ट आहेत, तर आठवाला साडेचारशे वॅट घेतोय आणि चारवाला नऊशे, तो पण सहाशेचाच. त्या बॉक्सच्या पोर्टला नाक लावा, जळका वास येतोय का सांगा.

धायरीचा_डेसिबल

येतोय. मी दोन वर्षं तो नवीन गोंदाचा वास समजत होतो.

पेठी_साउंड

बघा. मशीन बिचारं निर्दोष निघालं. लोखंड होतं म्हणून दोन वर्षं टिकलं, बारा किलोवालं असतं तर पहिल्याच वरातीला अक्षता पडल्या असत्या.

विंगेतली

मी नाटकांचा साउंड बघते त्यामुळे लॉन आणि वराती माझा प्रांत नाही, पण मशीन बदलायचं ठरत असेल तर एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. गेन, म्हणजे आत आलेला सिग्नल मशीन किती पट वाढवतं ते.

मशीनच्या मागे एक छोटा स्विच असतो, ०.७७५ व्होल्ट, १.४ व्होल्ट, २६ डीबी, किंवा ३२ डीबी असं काहीतरी. बहुतेक जण त्याला हात लावत नाहीत. माझ्याकडे एकदा दौऱ्यावर टॉपचं मशीन गेलं आणि प्रयोगाच्या दीड तास आधी भाड्याने दुसरं आणलं. वॅट सारखेच, कंपनी वेगळी. लावलं आणि सगळे संवाद एकदम डब्यातून आल्यासारखे, सगळं वरचं वर, खाली काहीच नाही. मी इक्वलायझरशी अर्धा तास भांडले. शेवटी मागे टॉर्च मारून बघितलं तर बेसचं मशीन २६ वर आणि हे नवीन ३२ वर. म्हणजे टॉप बेसपेक्षा ६ डीबी वर गेले होते, क्रॉसओव्हरचं सगळं गणितच मोडलं होतं. स्विच खाली केला, पाच सेकंदांचं काम. पहिल्या रांगेतले एक आजोबा मध्यंतरात येऊन सांगून गेले की आवाज छान आहे, फक्त जरा मोठा आहे. पुण्यात यापेक्षा मोठी पावती मिळत नाही.

०.७७५ वाल्या सेटिंगची गंमत अजून वेगळी. त्याचा अर्थ एवढाच की इतका सिग्नल आला की मशीन फुल. मग सातशेचं मशीन आणि अठराशेचं मशीन, दोन्ही ०.७७५ वर ठेवली तरी त्यांचा गेन वेगवेगळा असतो, अठराशेच्याचा जास्त. म्हणून जमत असेल तर दोन्हींवर डीबीवालं सेटिंग सारखं ठेवायचं आणि काय कमी-जास्त करायचं ते डीएसपीमधून करायचं. जुन्या मशीनला स्विचच नसेल तर त्याचा गेन एकदा मोजून घ्यायचा.

आणि समोरचे नॉब. ते अर्ध्यावर ठेवले म्हणजे मशीन अर्ध्या ताकदीचं झालं असं नाही. मिक्सरवाल्याने फेडर वर ढकलला की अर्ध्यावरच्या नॉबमधूनसुद्धा ते फुल क्लिपला (आवाज फाटेपर्यंत) जातं. नॉब फक्त आत येणारा सिग्नल कमी करतो.

धायरीचा_डेसिबल

ताई हे नॉबचं मला खरंच माहीत नव्हतं, मी आजवर बेसचा नॉब "सेफ्टीसाठी" दोनवर ठेवत होतो 🙈

तर आता नवीन मशीन घेऊच नको का? कॉइल बदलून तेच चालवू? पण कंबरेचं काय करू?

कर्ण्यांच्या_काळातला

आधी कॉइल. आठचीच बसवायची आणि दुकानातून उचलण्याआधी तिथेच स्वतःच्या मीटरने मोजायची, सहाच्या आसपास दिसली तरच पैसे द्यायचे. बॅटरी लावून कोन बाहेर येतो का आत जातो तेही चारही बॉक्सवर सारखं आहे का बघ, उलटी जोडली असेल तर दोन बेस एकमेकांचा आवाज खातील आणि तू परत इथे येऊन "बेस कमी पडतो, मशीन कुठलं घेऊ" विचारशील.

मग एक-दोन कार्यक्रम त्याच मशीनवर कर. त्यानंतर कंबरेसाठी घ्यायचंच असेल तर तिसरा पर्याय घे, सेकंडहँडवाला. ४ ओमवर १८००, तुझ्या जोडीच्या १२०० ची बरोबर दीडपट. टॉपचं आहे तेच राहू दे. सातशे आणि बाराशे यात सव्वादोन डीबीचा फरक आहे, त्यासाठी पन्नास-साठ हजार घालवण्याइतका तू श्रीमंत दिसत नाहीस.

पेठी_साउंड

आणि बेसची धमक? कुणी बोलणार आहे का त्यावर?

सोल्डर_आणि_चहा

बोलतो ना. तुम्ही जे ऐकता ते खोटं नाहीये, पण कारण वेगळं आहे. धमक लोखंडाची नसते, सप्लायची असते. बेसचा ठोका आला की आतलं व्होल्टेज किती कोसळतं आणि किती वेळ टिकतं, यावर सगळं आहे. स्वस्त हलक्या मशीनमध्ये सप्लाय लहान, म्हणून पहिला ठोका भारी आणि लांबलेला बेस बसका. चांगल्या क्लास डी मध्ये सप्लाय व्यवस्थित असतो, तिथे तुम्हाला पडद्यामागे ठेवून ओळखा म्हटलं तर मी चहा लावतो पैजेला. ट्रान्सफॉर्मरवालं सुद्धा कंपनीने छोटा ट्रान्सफॉर्मर टाकला की बसतंच.

पेठी_साउंड

पैज मंजूर. पण चहा अमृततुल्यचा, मशीनचा नको.

धायरीचा_डेसिबल

पैजेला मला बोलवा, पडदा आमच्या मंडपातला आणतो.

काका, लिमिटर (सिग्नल ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारा) कुठे लावायचा? डीएसपीमध्ये आहे पण मी कधी हात लावला नाही, आकडे डीबीयूमध्ये आहेत आणि मला काही बोध होत नाही.

कर्ण्यांच्या_काळातला

डीबीयूच्या नादी लागू नकोस, मीटरने मोज. स्पीकर काढून ठेव, मशीनच्या आउटपुटला मल्टिमीटर एसी व्होल्टवर लाव, मोबाइलवरून ५० हर्ट्झची सरळ टोन सोड आणि हळूहळू वाढव. कमी हर्ट्झ का, तर साधी मीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला खोटं बोलतात. बेसच्या जोडीला १२०० वॅट ४ ओम, म्हणजे १२०० गुणिले ४ चं वर्गमूळ, ६९ व्होल्ट. मीटर ६९ च्या पुढे जाणार नाही तिथे आरएमएस लिमिटर आणून ठेव. टॉपला तीच रीत, २०० हर्ट्झ टोन आणि ४९ व्होल्ट. हे झालं की मशीनच्या नॉबवर काळी टेप मार. कुणी नॉब फिरवला की लिमिटरचं सगळं गणित गेलं, आणि लग्नात नॉब फिरवणारा एक मेहुणा असतोच.

हात लागू देऊ नकोस, ६९ व्होल्ट झटका देतात.

अजून दोन बारीक गोष्टी आणि मी झोपतो. मशीन स्टेजजवळ ठेव, मिक्सरपाशी नको. अडीच स्क्वेअर एमएमची केबल पंचवीस मीटर नेलीस तर जाऊन-येऊन पन्नास मीटर तांबं, त्याचेच ०.३७ ओम झाले, ४ ओमच्या बेसला पोचेपर्यंत सोळा टक्के पॉवर कमी. सिग्नलची एक्सएलआर केबल पन्नास मीटर गेली तरी काही बिघडत नाही. आणि लॉनवर पोचलास की आधी वायरमनला गाठून साउंडला वेगळी फेज माग. आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर, चाटवाल्याचा मिक्सर आणि तुझं मशीन एकाच फेजवर असतील तर १९० दिसणारच.

धायरीचा_डेसिबल

अपडेट द्यायला जरा उशीर झाला, मधे सीझन होता.

कॉइल आठची बसवली, दुकानातच मीटर लावलं तर कारागीर माझ्याकडे असा बघत होता की जणू मी त्याच्या घरात झडती घ्यायला आलोय. ५.९ आली. पंख्याची जाळी धुतली. लिमिटर लावला, टेप मारली. त्यानंतर सात कामं झाली, त्यातलं एक त्याच लॉनवर, मशीन एकदाही बंद पडलं नाही. रात्री गुंडाळताना हीटसिंकवर हात ठेवून बघितला, कोमट. व्होल्टेज त्या दिवशी १९५ होतं, वायरमनला चहा पाजला आणि फेज बदलून घेतली तर २२०.

तरी तिसरं मशीन घेतलंच, डॉक्टरने वजन उचलू नको म्हणून स्पष्ट सांगितलं. घ्यायच्या आधी त्याच्या घरी माझेच चार बेस नेऊन दीड तास वाजवलं, शेजारचे येईपर्यंत. मागे २६ डीबीचा स्विच होता, ताईंची आठवण आली. एका हाताने उचललं जातं, पहिल्यांदा उचललं तेव्हा जास्त जोर लावल्यामुळे मागे पडणार होतो. धमक कमी झाली का, तर मला तरी जाणवली नाही, पेठीसाहेब एकदा ऐकायला या. प्रोटेक्टर पण बसवलाय, २७० ला तोडतो.

जुनं लोखंडी मशीन विकलं नाही, स्पेअर म्हणून घरात जिन्याखाली ठेवलंय. आईने त्याच्यावर लोणच्याच्या दोन बरण्या ठेवल्यात.

सोल्डर_आणि_चहा

बरण्या खाली उतरवा. वर झाकणाला भोकं आहेत ना त्या मॉडेलला? खार आत गेला की ते मशीन माझ्याकडे येणार आणि मी वासावरून ओळखणार.